पिन कुठल्या बाजूनं मोजायची?

घरातल्या इस्त्रीचा तीन पिनांचा प्लग एकदा हातात घ्या. भिंतीतून काढून घ्या, हे सांगायला नको. वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची. ती लांब अशासाठी, की प्लग घालताना ती सगळ्यात आधी आत जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी बाहेर यावी. आता भिंतीवरच्या सॉकेटकडं समोरून पाहा. अर्थ वर, उजव्या हाताला फेज, डाव्या हाताला न्यूट्रल. आता हातातल्या प्लगच्या पिना आपल्या तोंडाकडं करून पाहा. अर्थ वरच आहे, पण फेजची पिन डाव्या हाताला आली! वस्तू बदलली नाही, बघायची बाजू तेवढी बदलली.

एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढचं समजायला इंजिनियर असायची गरज नाही. आमच्या भाचीला मात्र हे समजायला एक जळालेला एन्कोडर लागला.

माझी बहीण धारवाडकडच्या कन्नड घरात दिली. भाची आईशी मराठी बोलते, आप्पांशी कन्नड, आणि आमच्याकडं आली की मामीशी भांडताना दोन्ही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाल्यावर तिला बेळगावातच कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनला नोकरी लागली आणि ती आमच्या घरी राहायला आली. कारखान्याचं नाव देत नाही, कारण गोष्ट चुकीची आहे आणि चूक आमच्या घरची आहे.

बेळगावात फौंड्र्या आहेत, हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत, हे आपल्याला ठाऊक असतं. पण यंत्र चालवायला जी लोखंडी कपाटं लागतात, ज्यांच्या पोटात शेकडो वायरी असतात, ती कपाटं बनवणारी माणसंही इथंच आहेत. कपाट इथं तयार होतं, यंत्र दुसरीकडं. दोन्ही ट्रकमधून तिसऱ्याच गावी जातात आणि तिथं जोडायची असतात. प्रत्येक वायर तिथं जाऊन स्क्रूनं आवळायची म्हटलं तर आठवडा जाईल. म्हणून मध्ये कनेक्टर. एका बाजूला पिना, दुसऱ्या बाजूला भोकं, दाबलं की जोडलं. आता कुठली वायर कुठल्या पिनेला, हे कुणीतरी आधी कागदावर मांडायला हवं. ते काम भाचीचं.

मी स्वतः जुन्या काळचा ड्राफ्ट्समन. ड्रॉइंग बोर्ड, ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन आणि चुकलेली रेघ खरवडायला अर्धं ब्लेड. कनेक्टर काढायचा म्हणजे पट्टीनं एक लांब चौकोन, त्यात मधोमध रेघ, प्रत्येक वायरीपाशी पिनेचा नंबर. गिऱ्हाईक म्हणालं, मध्ये दोन पिना वाढवा, की अख्खा कागद नव्यानं. त्यामुळं भाचीनं तिच्या लॅपटॉपवर ऑटोकॅड इलेक्ट्रिकल उघडून दाखवलं तेव्हा मी खुर्ची ओढून शेजारी बसलो, तो जेवायला उठलोच नाही.

हे सॉफ्टवेअर साध्या ऑटोकॅडसारखंच दिसतं. २०१८ साली आलेल्या २०१९च्या आवृत्तीपासून ते ऑटोकॅडबरोबरच एक टूलसेट म्हणून मिळतं. फरक असा, की साध्या ऑटोकॅडला रेघ ही रेघच दिसते. याला ती वायर आहे हे कळतं. बटण, रिले, दिवा यांची चिन्हं त्याच्या लायब्ररीत तयार असतात, उचलायची आणि ठेवायची. कनेक्टरचं तसं नाही. कनेक्टर ३ पिनांचा असू शकतो, ३७ पिनांचाही. इतकी चिन्हं तयार कोण ठेवणार? म्हणून तो जागच्या जागी मापानं शिवून मिळतो, तयार कपड्यांच्या दुकानात न जाता शिंप्याकडं जावं तसा.

आणि शिंप्यासारखंच तो आधी मापं विचारतो. ‘इन्सर्ट कनेक्टर’ म्हटलं की एक खिडकी उघडते. पिना किती? दोन पिनांत अंतर किती? पहिल्या पिनेचं नाव काय, १ की ए? पिना ठरलेल्या अंतरानं ठेवू, की खाली ज्या वायरी आधीच काढल्यात त्या जिथं जिथं आडव्या येतील तिथं ठेवू? भाची नेहमी दुसरा पर्याय घेते. वायरी आधी ओढायच्या, मग त्यांच्यावर कनेक्टर आडवा टाकायचा. प्रत्येक छेदावर एक पिन आपोआप बसते, तिला नंबर पडतो आणि वायर बरोबर तिथं तुटून दोन्हीकडं जोडली जाते. हे पाहून मला, खरं सांगतो, माझ्या ब्लेडनं खरवडलेल्या रात्री आठवल्या.

पुढं विचारतो, प्लग आणि रिसेप्टॅकल दोन्ही काढू की एकच? म्हणजे जोडी दाखवू की नुसती एक बाजू? उभा ठेवू की आडवा? आणि चिन्ह जागेवर ठेवण्याआधी टॅबची कळ दाबली तर कनेक्टर पलटी खातो, प्लगची बाजू डावीकडून उजवीकडं जाते. ही टॅबची कळ दिसायला गरीब, पण तिच्यापासून जपून राहावं. भिंतीत सॉकेट आणि इस्त्रीला पिना, असंच का असतं? उलट का नाही? कारण वीज ज्या बाजूनं येते ती बाजू भोकांची हवी. पिना त्या बाजूला ठेवल्या, तर प्लग काढल्यावर जिवंत पिना उघड्या राहतील आणि कुणाचा तरी हात लागेल. ड्रॉइंगवर एका कळीनं पलटलेली बाजू खरेदी खात्यात गेली, की त्याच हिशेबानं माल येतो. तपासणारा झोपेत असेल तर कपाटाच्या अंगावर जिवंत पिना येतात.

वर्कशॉपात या दोघांना मेल-फिमेल म्हणतात, कन्नड बोलणारे वायरमन गंडु-हेण्णु म्हणतात. ड्रॉइंगवर अमेरिकी पद्धतीत पी आणि जे अशी अक्षरं लावतात, आणि पुष्कळ जणांना वाटतं की पी म्हणजे नर, जे म्हणजे मादी. तसं नाही. जी बाजू हलती, केबलबरोबर येणारी, ती पी. जी कपाटाला किंवा यंत्राला पक्की, ती जे. पिना कुणाला आहेत याचा त्यात संबंध नाही. माझी बहीण म्हणाली, “म्हणजे कोण कुणाच्या घरी नांदायला आलं, एवढंच बघायचं!” इतकं सोपं करून मला कुणी शिकवलं नव्हतं.

नातीगोती तिथं आणखीही आहेत. मोठा कनेक्टर एका पानावर मावत नाही. ३७ पिनांपैकी १२ पान चारवर, बाकीच्या पान नऊवर. मग चारवरचा तुकडा पॅरेंट आणि नऊवरचा त्याचा चाइल्ड. मुलानं आईबापाचंच नाव लावायचं. नाव लावायचं राहिलं, तर सॉफ्टवेअरच्या तपासणीत त्याची तक्रार निघते, की इथं एक पोर आहे आणि त्याचे आईबाप सापडत नाहीत. एकच नाव चुकून दोघांना पडलं तरी ते ओरडतं.

पिनांच्या नावातही मजा आहे. गोल, धातूच्या जाड कनेक्टरना पुष्कळदा आकड्यांऐवजी इंग्रजी अक्षरं असतात. लष्करी मापाच्या त्या कनेक्टरांत आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वगळलेली असतात. आय हा एकासारखा दिसतो, ओ आणि क्यू शून्यासारखे. अंधाऱ्या जागी, तेलकट हातांनी वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून ही सोय. सॉफ्टवेअरला कनेक्टरचा कॅटलॉग नंबर दिला आणि त्याची पिनयादी डेटाबेसात भरलेली असली, तर नावं तिथून येतात. भरलेली नसली, तर यादी आपण द्यायची आणि आपणच तपासायची.

नंतर पिना वाढवता येतात, काढता येतात, सरकवता येतात, दोन पिनांची अदलाबदल करता येते. यातलं काहीच अवघड नाही. क्लासमध्ये दोन दिवसांत शिकवतात. घरातल्या मुलांना असल्या क्लासला घालणाऱ्या आईबापांना माझं एक सांगणं आहे. फी भरण्याआधी पोराच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर देऊन एक प्लग सोडवायला आणि पुन्हा जोडायला लावा. आमच्या भाचीनं हजार पिना काढल्या होत्या, पण एकीलाही हातानं वायर डकवली नव्हती.

आता एन्कोडरची गोष्ट.

एन्कोडर म्हणजे फिरणारा दांडा किती फिरला हे मोजून सांगणारं यंत्राचं अवयव. त्याच्या केबलला ९ पिनांचा डी आकाराचा कनेक्टर लावायचा होता. जुन्या कंप्युटरच्या पाठीमागं मोडेम, माउस लावायला असायचा, तोच. हे घराणं अमेरिकेतल्या कॅनन कंपनीनं १९५२ साली आणलं. वरच्या ओळीत पाच, खालच्या ओळीत चार. पिनांच्या म्हणजे नराच्या तोंडाकडून पाहिलं तर वरची ओळ डावीकडून १, २, ३, ४, ५. मादीच्या तोंडाकडून पाहिलं तर उजवीकडून. आणि नराच्याच पाठीकडून, जिथं वायर डकवायची तिथून पाहिलं, तरीही उजवीकडून. पुन्हा तीच इस्त्रीच्या प्लगची गोष्ट.

भाचीनं सर्किटच्या पानावर कनेक्टर टाकला तो अगदी बिनचूक. पिन १ ला २४ व्होल्ट, पिन ५ ला शून्य व्होल्ट, मधल्या पिनांवर सिग्नल. कोणत्या पिनेतून कोणती वायर कुठं जाते याची यादी सॉफ्टवेअरनं काढून दिली, तीही बरोबर. पण वायरमनला सोपं जावं म्हणून तिनं पानाच्या कोपऱ्यात कनेक्टरचं एक मोठं, सुबक चित्र काढलं. डीचा आकार, नऊ ठिपके, प्रत्येकाशेजारी नंबर आणि वायरीचा रंग. पिनांच्या तोंडाकडून जसं दिसतं तसं.

कारखान्यात तीस वर्षं काढलेले एक वायरमन आहेत. गोकाककडचे. मराठी बोलतात, वाचत नाहीत. कन्नड दोन्ही. सगळे त्यांना काका म्हणतात, तो शब्द दोन्हीकडं चालतो. एरवी ते कनेक्टरवर कोरलेले बारीक नंबर चष्म्यातून वाचून मगच सोल्डरिंग गन लावतात. त्या दिवशी माल संध्याकाळी निघायचा होता, आणि कोपऱ्यातलं चित्र इतकं स्वच्छ होतं, की नंबर बघायची गरजच वाटली नाही. त्यांनी कनेक्टर पाठीकडून धरला, चित्र समोर ठेवलं आणि चित्राप्रमाणं नऊ वायरी डकवल्या. १ च्या जागी ५, २ च्या जागी ४. तीन नंबर तेवढा मधला असल्यानं जागेवर राहिला. मग बझर लावून तपासलं. पण वरचं झाकण बसवायच्या आधी, वायरींच्याच बाजूनं, त्याच चित्रावरून. बझर सगळीकडं नीट वाजला. चुकीचं माप घेऊन त्याच मापानं तपासलं, तर सगळं बरोबरच येणार!

गिऱ्हाइकाकडं सप्लाय दिला आणि एन्कोडर गेला. अधिक-उणं उलटं झालेलं, आणि त्या एन्कोडरात त्यापासून संरक्षण नव्हतं. यंत्र दुसरा एन्कोडर येईपर्यंत बंद. साहेबांनी केबल मागवली, उघडली, ड्रॉइंगातली यादी शेजारी धरली आणि निकाल दिला, की ड्रॉइंग बरोबर, वायरमन चुकला, नुकसान पगारातून कापा.

त्या संध्याकाळी भाची घरी आली ती न बोलता. मामीनं भाकरी वाढली, तिनं बाजूला सारली. रात्री दहाला तिनं बॅगेतून प्रिंट काढून माझ्यापुढं ठेवली.

“मामा, यात चूक दाखवा.”

मी बराच वेळ पाहिलं. सर्किट बरोबर, यादी बरोबर. मग बोट चित्रावर ठेवलं. “हे कुठल्या बाजूनं बघितलेलं?”

“समोरून. पिनांच्या बाजूनं.”

“असं लिहिलंयस कुठं?”

ती गप्प. मीही गप्प. घरात बाई रागावली तरी ब्लाउजचा कापड उलट ठेवून कापला तर बाही कुठल्या हाताची होते, हे तिला कळतं. फौंड्रीतल्या पॅटर्नवाल्याला साच्यात डावं-उजवं कसं बदलतं हे कळतं. इतकी साधी गोष्ट, आणि नेमकी लिहायची राहिली. तिच्या मनात ती बाजू इतकी उघड होती, की दुसऱ्या कुणाला ती वेगळी दिसेल हे सुचलंच नाही. आणि सॉफ्टवेअरला तरी ते कसं कळावं? त्याला पिन पाच म्हणजे पाच. सोल्डर करणारा माणूस टेबलाच्या कुठल्या बाजूला बसतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

“मामा, काकांचा पगार कापतायत.”

“मग?”

“मी अजून प्रोबेशनवर आहे.”

यावर मी काय सांगणार होतो? बाप धारवाडला, आई धारवाडला, पोर माझ्या भरवशावर इथं. गप्प बस, असं माझ्या तोंडावर आलं होतं, हे कबूल करतो. आजकाल नोकरी मिळते का सहज? पण तिची मामी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “त्या काकांच्या घरीपण कुणीतरी आज जेवलं नसेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची प्रिंट घेऊन साहेबांकडं गेली आणि सांगितलं, की चित्र माझं आहे आणि त्यावर बाजू लिहिलेली नाही. साहेब चिडले, पण माणूस ड्रॉइंग समजणारा होता. त्यांनी प्रिंट फिरवून फिरवून पाहिली. काकांचा पगार कापला नाही, नुकसान कंपनीनं सोसलं. भाचीचं कायम होणं तीन महिने पुढं गेलं.

काका तिला काही बोलले नव्हते. दुपारी डबा खाताना त्यांनी तिला शेजारी बसवलं, एक मोकळा कनेक्टर तिच्या हातात दिला आणि आपण त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. म्हणाले, “नोडव्वा, ना हिंदिनिंद नोडतेनि, नी मुंदिनिंद बरीती.” मी मागनं बघतो, तू पुढनं काढतेस. मग त्यांनी तिच्याकडून नऊ वायरी डकवून घेतल्या. पहिल्या तीन तिनं जाळल्या.

त्यानंतर तिनं चित्राखाली बाजू लिहायची ठरवली. इंग्रजीत लिहिलं तर काकांना नको. म्हणून मराठीत लिहिलं, ‘वायरीच्या बाजूनं’, आणि त्याखाली कन्नडमध्ये, आप्पांना फोनवर विचारून. तिच्या पडद्यावर छान दिसलं. वर्कशॉपातल्या कंप्युटरवर उघडलं तर दोन्ही ओळींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! ऑटोकॅडचे जे जुने रेघांचे फाँट असतात, त्यांत ना आपली अक्षरं ना त्यांची. मराठीला मंगल, कन्नडला तुंगा असे विंडोजचे फाँट लावावे लागले. तेही ज्या कंप्युटरवर नसतील तिथं पुन्हा चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं. त्यात हैदराबादचं गिऱ्हाईक म्हणालं, आम्हाला इंग्रजी पाहिजे.

शेवटी तिनं सगळी अक्षरं पुसली आणि एक डोळा काढला. साधा, बदामी, मध्ये बाहुली. त्याचा एक ब्लॉक करून ठेवला. आता ती प्रत्येक कनेक्टरची दोन चित्रं शेजारी शेजारी काढते. एकात डोळा पिनांच्या समोर, दुसऱ्यात डोळा वायरींच्या मागं. नंबर दोन्हीकडं, रंग दोन्हीकडं. आणि ज्यानं डकवलं त्यानं बझर लावायचा नाही, दुसऱ्यानं लावायचा, तोही झाकण बसवल्यावर पिनांच्या तोंडाकडून आणि चित्रावरून नव्हे, तर सॉफ्टवेअरच्या यादीवरून, असं साहेबांनीच ठरवून टाकलं.

तीन महिन्यांनी ती कायम झाली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन काकांकडं गेली, तेव्हा त्यांनी पेढा हातात धरून तिच्या नव्या प्रिंटवर बोट ठेवलं आणि विचारलं, हा डोळा जरा मोठा काढता येईल का, चष्म्याशिवाय दिसत नाही.